तीस सँपल करायचेत ना, मग आधी धावदोराच पुरवून बघ

अगं, तुझा प्रश्न कालच वाचला होता पण दुकानात लग्नसराईचे ब्लाउज पडलेत, त्यामुळं आत्ता कुठं लिहायला बसले. म्हणजे तू लातूरला टेक्स्टाइलच्या दुसऱ्या वर्षाला, टाका आणि कापड यावर तीस सँपल द्यायचेत, बारा झालेत, आणि मॅडमनी फाइल चाळून म्हटलं की हे तर शाळेतल्या भरतकामाच्या वहीसारखं दिसतंय, प्रयोग कुठंय ह्यात. होस्टेलवर मशीन नाही, कॉलेजचं मशीन फक्त शनिवारी मिळतं. आणि तू आम्हाला विचारतेयस की अजून कोणकोणते टाके शिकू.

एकही नवा टाका शिकू नको. मी तुझे फोटो मोठे करून बघितले. साखळी, देठ, गव्हाचा टाका, काश्मिरी, काजाचा टाका, सगळं एकाच पांढऱ्या पॉपलीनवर एकाच लाल दोऱ्यानं, आणि सगळं सुबक. हात चांगलाय तुझा, त्यात वाद नाही. पण बारा वेळा टाका बदलला आणि कापड, दोरा, ओढ, थर ह्यातलं काहीच एकदाही बदललं नाही, मग मॅडमना वहीच दिसणार. उलटं कर. टाका एकच धर, धावदोरा, जो चौथीतल्या पोरीला पण येतो, आणि बाकीचं एकेक बदलत जा. तीस काय साठ सँपल निघतील आणि ते सगळे एकमेकांपेक्षा वेगळे असतील, हे मी उगं म्हणत नाही, माझी स्वतःची फाइल तशी आहे.

मी परभणीकडची. आमच्याकडं उन्हाळ्यात वाकळा शिवायच्या, तुमच्याकडं गोधडी म्हणत असतील, एकच ते. जुनी लुगडी, धोतरं, फाटक्या चादरी ओट्यावर पसरायच्या, चार कोपऱ्यावर दगड ठेवायचे, कडेनं कच्चे टाके घालून घ्यायचे आणि मग कडेपासून आत, चौकटीत चौकट असं मधापर्यंत शिवत यायचं. माझी आजी सुईवर एकदम चार पाच टाके भरून घ्यायची आणि मग एका दमात दोरा ओढायची. मी शेजारी बसून दोरा करकचून ओढला की हातावर चापट मारून म्हणायची, "वढू नको गं, निसता बसव त्याला." हे "निसता बसव" मला टेक्स्टाइलच्या तीन वर्षात एकाही लेक्चरमधी ऐकायला मिळालं नाही आणि धावदोऱ्याचा निम्मा अभ्यास त्यातच आहे. दोरा बसवला की कापड सपाट राहतं, थोडा ओढला की लाट येते, जास्त ओढला की चुण्या पडतात, अजून ओढला की कापड उभं राहतं नाहीतर दोरा तुटतो. ह्या झाल्या चार पाच पायऱ्या, म्हणजे चार पाच सँपल, तेही कापड दोरा काही न बदलता.

करताना एक कर. कापडाचा तुकडा १५ बाय १५ सेंमी काप आणि मधी पेन्सिलनं १० बाय १० चा चौकोन आख. काम त्या चौकोनातच. शिवून झालं की चौकोन परत मोज. १० चं साडेआठ झालं का साडेसहा झालं ते सँपलच्या कडेवर लिही. नुसतं "टेक्श्चर आलं" लिहिण्यापेक्षा हा आकडा व्हायव्हामधी, म्हणजे तोंडी परीक्षेत, जास्त बोलतो, शिवाय पुढं कधी ह्याच पद्धतीनं जाकीट नाहीतर पर्स करायची झाली तर किती कापड घ्यायचं ते तुला आधीच माहीत असतं.

आता माझी फजिती सांगते, कारण ती ऐकलीस तर लेबल लावायचा कंटाळा करणार नाहीस. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला माझ्या फाइलमधला एक तुकडा लई आवडला, वर मऊ जुनी साडी, खाली मांजरपाट म्हणजे जाडंभरडं कोरं सुती कापड, मधी धावदोऱ्याच्या सरळ रांगा आणि रांगांच्या मधी साडी अशी फुगून आलेली, जशी पोळी तव्यावर फुगायला लागते तशी. त्यांना तसेच आठ उशीचे अभ्रे पाहिजे होते. मी हो म्हटलं आणि करायला बसले तर ते फुगेच येईनात. दोरा ओढून बघितला, रांगा जवळ घेतल्या, तीन दिवस गेले. तुकड्यावर काही लिहिलेलं नव्हतं, तारीखसुद्धा नाही. शेवटी ध्यानात आलं की कॉलेजात असताना आळसानं मांजरपाट न धुता तसाच कोरा वापरला होता आणि नंतर सगळा तुकडा गरम पाण्यात टाकला होता. वरची साडी शंभरदा धुतलेली, तिला अजून आटायला जागाच नव्हती, खालचा कोरा मांजरपाट आटला आणि वरचं कापड टाक्यांच्या मधी वर ढकललं गेलं. आणि आता मी "नियमाप्रमाणं" सगळं कापड आधी धुवून खळ काढून घेत होते! म्हणजे ज्या गोष्टीनं ते टेक्श्चर आलं होतं तीच मी आधी काढून टाकत होते.

म्हणून प्रत्येक तुकड्यावर लिही: कापड काय, कोरं का धुतलेलं, दोरा काय, किती पदरी, टाका किती मिलिमीटर, नंतर काय केलं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्यास तर फरक कशानं पडला ते तुला कळणार नाही आणि मॅडमना पण नाही. कापड काय आहे ह्याचीच शंका असली तर दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघ, सुती जळताना कागदासारखा वास येतो आणि हलकी राख पडते, रेशमाला केस जळाल्यासारखा वास येतो, पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. होस्टेलच्या खोलीत करू नको बाई, गच्चीवर जा.

दोऱ्याचं बघ. भरतकामाच्या लडीत सहा पदर असतात, तेच आधी एक पदर, मग तीन, मग सहा घेऊन तोच टाका घाल. मग सुतळी. मग तांब्याची बारीक तार, ती ओढली की वाकते आणि वाकलेलीच राहते, म्हणजे चुण्या इस्त्रीशिवाय तुला पाहिजे त्या आकारात थांबतात. कापडाचं तसंच, घरून येताना आईची जुनी सुती साडी आण, खादी भांडारातून अर्धा मीटर खादी घे, आणि मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, जाऊन एक रिकामं बारदान माग, थोडक्या पैशात नाहीतर फुकटच मिळेल. बारदानाची वीण मोकळी असते, त्यातले आडवे धागे ओढून काढायचे आणि राहिलेले उभे धागे दोऱ्यानं पाच पाच गुंडाळून बांधायचे, जाळी होते. पॉपलीनवर हे करायला बसलीस तर डोळे फुटतील. बारदानाला साधी सुई चालत नाही, दाभण घे, आणि काम करायच्या आधी ते धुवून वाळव, नाहीतर सगळ्या खोलीत कुसं आणि धूळ.

कापडाचा उभा धागा, आडवा धागा आणि उरेब म्हणजे तिरका, ह्या तिन्हीवर एकच टाका एकाच ओढीनं घालून बघ. उरेब कापड ताणतं, त्यावर टाका घालताना ते हातातल्या हातात लांबतं आणि सोडलं की आखडतं. घट्ट विणीच्या कापडात सरळ उभ्या धाग्यावर टीप मारली की चुण्या का येतात ते पण इथंच कळतं, दोरा विणीत शिरतो तेव्हा त्याला जागा लागते आणि धागे बाजूला सरकायला जागाच नसते. टेलर लोकांची ही रोजची डोकेदुखी आहे, तू तीच मुद्दाम वापर.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि तुझ्या फोटोत एकदाही न दिसलेलं, उलटी बाजू. आपण मराठवाड्यातले, आपल्याकडं ह्याचे दोन अस्सल नमुने एकाच जिल्ह्यात बसलेत. पैठणच्या हातमागावरची पैठणी उलटून बघ, पदरावरचा मोर मागून पण मोरच दिसतो, कारण प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी छोटी कांडी असते आणि रंग जिथं संपतो तिथं शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवतात, मागं धागा लोंबत नाही. आणि संभाजीनगरचा हिमरू उलटून बघ, ताणा म्हणजे उभा धागा सुती, बाणा म्हणजे आडवा धागा रेशमी, आणि नक्षीचा जादा धागा पुढं नको असेल तेव्हा मागच्या बाजूनं मोकळा पळत जातो, त्यामुळं मागं एक मऊ लुसलुशीत थर तयार होतो. तुघलकानं १३२७ मधी राजधानी दौलताबादला आणली तेव्हा कारागीर सोबत आले आणि हिमरू इथं रुजला असं सांगतात. दोन्ही उत्तम कापडं, पण मागची बाजू एकदम वेगळी, आणि ती वेगळी आहे कारण धागा कुठून न्यायचा हे विणकरानं ठरवलं. आता हेच धावदोऱ्यात कर. एक सँपल असा की एकदा धावदोरा घालत जायचं आणि परत येताना राहिलेल्या फटी भरत यायचं, पुढून मागून सारखी रेघ, ती तुझी पैठणी. दुसरा असा की पुढं बारीक ठिपका आणि मागं दोन दोन सेंमीचे लांब मोकळे धागे, मग ती मागची बाजूच पुढं करून लावायची, ते मोकळे धागे मधी कापले तर झालर होते, तो तुझा हिमरू. व्हायव्हात हे सांगितलंस तर मॅडम परत शाळेची वही म्हणणार नाहीत.

रंगाचं थोडक्यात. धावदोऱ्याच्या रांगा घालून सगळे दोरे ओढून गाठ मारायची, कापड आधी ओलं करून मग रंगात बुडवायचं आणि वाळल्यावर दोरे काढायचे, चुणीच्या आत रंग पोचत नाही. दोरा पॉलिस्टरचा घे, तो ओढताना तुटत नाही. रंगाला पैसे घालवायचे नसतील तर हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवून वाळव आणि मग लोखंडाच्या पाण्यात टाक, म्हणजे गूळ पाण्यात घालून त्यात गंजलेले खिळे दोन आठवडे ठेवलेले असतात ते पाणी, करडा ते काळा येतो. लोखंड जास्त झालं की सुती कापड काही दिवसांनी विरतं, म्हणून नंतर भरपूर धू. दोन आठवडे तुझ्याकडं आहेत का बघ आधी, नसतील तर हा नाद सोड. आणि दोरे काढताना कात्री नको, शिलाई उसवायचं छोटं हत्यार घे, मी कात्रीनं गाठीसोबत कापडच कापलंय, दोनदा.

शनिवारच्या मशीनवर सगळं करायला जाऊ नको, दोनच गोष्टी. एक, वर लाल दोरा आणि खालच्या बॉबिनमधी काळा, आणि वरचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, एकेक आकडा वाढवत टीप मारायची. वरचा दोरा जास्त ताणला की काळा दोरा वर ठिपक्यासारखा डोकावायला लागतो, तेच तुझं डिझाइन. दुसरं, बॉबिनमधी शिलाईचं बारीक इलॅस्टिक, पण ते हातानं गुंडाळायचं आणि गुंडाळताना ताणायचं नाही, टाका लांब ठेवायचा, आणि झाल्यावर वरून इस्त्रीची वाफ द्यायची, अजून आखडतं. जाड दोरा बॉबिनमधी घालायचा मोह होईल, पण त्याला बॉबिन केसचा बारीक स्क्रू सैल करावा लागतो, तो कॉलेजच्या मशीनचा असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नको. माझ्या वर्गात एकीनं लावला होता आणि तो स्क्रू फरशीच्या फटीत गेला, पुढचा अख्खा महिना आम्ही सगळ्या तिच्या नावानं खडे फोडत होतो.

तू लिहिलंयस की घराजवळ बंजाऱ्यांचा तांडा आहे आणि तिथल्या बायकांच्या कवड्या-आरशांच्या कामाचे फोटो घेऊन तसंच करू का. फोटो आधी विचारून काढ, आणि नक्षी उचलून आपल्या नावावर लावू नको. त्यापेक्षा एखाद्या मावशीजवळ तासभर बस आणि आरसा भोवतीच्या दोऱ्यात कसा अडकवतात ते हातानं शिकून घे. मग तीच पकड वापरून आरशाच्या जागी तुझ्याकडचं काहीतरी अडकव, चिंचोका, बटन, बाटलीचं झाकण, काही पण, आणि लेबलवर कुणाकडून शिकलीस ते लिही.

फाइलमधी लावताना गोंदानं सगळा तुकडा चिकटवू नको, डाग पडतात आणि उलटी बाजू कायमची जाते. वरच्या दोन कोपऱ्यात एकेक टाका घालून कागदाला लटकवायचं, म्हणजे पान उलटल्यासारखा तुकडा उलटता येतो. फसलेले पण लाव, दोरा कुठं तुटला ते दिसू दे. तुझे ते जुने बारा पण टाकू नको, त्यातला साखळीचा एक घे आणि गरम पाण्यात घालून बघ काय होतं, पॉपलीन आधी धुतलं नव्हतंस ना?

पहिले पाच झाले की फोटो टाक, दोन्ही बाजूंचे.