बागेत सापडली शिवराई, आता करू काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक वाचक, वय ३१, आयटीत नोकरी. इंग्लंडमधल्या लोकांचे व्हिडिओ बघून ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवला आणि तीन रविवार सकाळी सहाला नदीकाठच्या महापालिकेच्या बागेत जाऊन शोधाशोध केली. एकूण नऊ नाणी मिळाली, सात तांब्याच्या शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची जुनी नाणी), एक १८६२ चा राणी छाप चांदीचा रुपया आणि एक १९३६ चा पाव आणा. दोन शिवराया एका नाणेवाल्याला अठराशेला विकल्या, बाकीच्यांचे फोटो स्टेटसला टाकले. चौथ्या रविवारी वॉचमनने पकडलं, मशीन केबिनमध्ये ठेवून घेतलं आणि पोलीस चौकीत बोलावणं आलंय. "मी चोर आहे का? नाणी लेस्टरच्या मावसभावाकडे पाठवून दिली तर?"

भाऊ, आधी शेवटच्या वाक्याचं बोलू कारण तेच सगळ्यात धोक्याचं आहे. अजिबात पाठवू नका. शंभर वर्षांच्या वरचं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात पुरावशेष ठरतं आणि ते देशाबाहेर नेणं किंवा पाठवणं खाजगी माणसाला बंद आहे, शिक्षा कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं, वर दंड. तुमचा पाव आणा अजून शंभरीत बसत नाही, पण बाकी आठ बसतात. म्हणजे आज जे प्रकरण एका अर्जाने बरंचसं निवळू शकतं ते कुरिअरच्या एका पावतीने कस्टमपर्यंत जाईल. (आणि इंग्लंडमध्ये पण उठून कुठल्याही पार्कात खणता येत नाही, तिथं जागामालकाची परवानगी लागते, कौन्सिलचा पार्क असेल तर कौन्सिलची. व्हिडिओत तेवढा भाग दाखवत नाहीत.)

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला वाटतंय मशीन वापरलं म्हणून पकडलं. मशीन हा दुय्यम भाग आहे. तुमची अडचण दोन ठिकाणी आहे, परवानगी न घेता दुसऱ्याच्या जमिनीत खणलंत आणि सापडल्यावर गप्प बसलात, त्यातलं गप्प बसणं जास्त महागात पडतं. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे, लोक ज्याला गुप्तधन म्हणतात त्याचा. जमिनीत दडलेली कुठलीही मौल्यवान वस्तू दहा रुपयांच्या वर किमतीची असेल तर सापडणाऱ्याने होईल तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठे सापडलं, कोणत्या तारखेला. आणि वस्तू सरकारी ट्रेझरीत जमा करायची नाहीतर मागाल तेव्हा हजर करतो म्हणून जामीन द्यायचा. दहा रुपये म्हणजे १८७८ सालचे दहा, तेव्हा मोठी रक्कम होती, पण आकडा कायद्यात तसाच राहिलाय त्यामुळे तुमचा एकटा राणीछाप रुपयासुद्धा त्यात आरामात जातो. कळवलं नाही तर मिळणारा वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

इथे वकिली मुद्दा एक आहे, कायद्यात शब्द "दडवलेलं" असा आहे. तीन वेगवेगळ्या रविवारी, बागेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यात सुटी सुटी मिळालेली नाणी ही कुणी पुरून ठेवलेली नाहीत, घाटावर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कनवटीची पडलेली असतील, असं म्हणता येतं. मी कोर्टात हा मुद्दा मांडेन सुद्धा. पण ते ठरवणं तुमच्या हातात नाही, आणि "मला वाटलं हे गुप्तधन नाही" एवढ्यावर विसंबून अर्ज न करणं म्हणजे हेल्मेट घरी ठेवून पोलिसाशी वाद घालायला जाणं.

चोरीचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लावायचा प्रयत्न होऊ शकतो, किंवा ३१४ म्हणजे दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे आपली करून टाकणं. दोन शिवराया विकल्यात ना, ३१४ वाल्याला तीच विक्री दाखवायला सोपी जाईल. चोरीत एक दिलासा आहे, माल पाच हजारांच्या आतला, पहिल्यांदाच दोषी आणि वस्तू किंवा किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची. तेवढ्यावर आशा लावून बसू नका, पण रात्री झोप यायला हरकत नाही.

म्हणून आज संध्याकाळीच नाणेवाल्याला फोन करा, अठराशे परत देतो, दोन्ही नाणी परत द्या म्हणा. तो नाही म्हणाला तर तसा मेसेज करून ठेवा. यूपीआयची नोंद, चॅट, स्टेटसचे फोटो काहीही डिलीट करू नका, पुरावा नष्ट केल्याचं वेगळं प्रकरण अंगावर येतं. आणि हो, नाणी चिंच-मिठाने घासणं बंद करा! तुम्ही पाठवलेल्या फोटोत एका शिवराईवर "श्री राजा शिव" मधला "शिव" जवळजवळ पुसला गेलाय, मागचं "छत्र पति" मात्र अजून हिरव्या थराखाली शाबूत आहे, ते तसंच राहू द्या.

उद्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, साध्या कागदावर, दोन प्रती. विषयात "निखात निधी अधिनियम १८७८ अन्वये माहिती" असं लिहा, गुप्तधन हा शब्द टाळा, कारण आपल्याकडे गुप्तधन म्हटलं की मांत्रिक, लिंबू आणि २०१३ चा जादूटोणा कायदा डोळ्यासमोर येतो आणि नसता संशय. मजकूर इतकाच, "मला अमुक तारखांना अमुक बागेत खालील नऊ नाणी सापडली, त्यातील दोन मी अजाणतेपणी विकली होती ती परत मिळवली आहेत / मिळवत आहे, सर्व नाणी जमा करण्यास तयार आहे." मशीन वापरलं हे लपवू नका. आवक टेबलावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि नंबर घ्या, तो कागद म्हणजे तुमची ढाल. एक प्रत महापालिकेच्या उद्यान विभागाला, सोबत खड्डे बुजवून देतो किंवा खर्च भरतो असं.

चौकीत त्या शिक्क्याच्या प्रतीसह जा, वकील सोबत न्या. निखात निधीचा गुन्हा एकटा असेल तर तो अदखलपात्र आणि जामीनपात्र, मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय त्यात तपास होत नाही, हे नम्रपणे लक्षात आणून द्यायचं. दुसरं कलम लावलंच तर सात वर्षांच्या आतल्या शिक्षेत आधी हजर राहायची नोटीस, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५(३), मागा. नाणी नुसती टेबलावर ठेवून येऊ नका, पंचनामा झाला पाहिजे आणि त्यात प्रत्येक नाण्याचं वर्णन आणि वजन. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये पोलिसांनी २१६ सोन्याच्या मोहरा हस्तगत केल्या होत्या, सापडल्याचं कुणी कळवलं नव्हतं. आणि मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या शेतात लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन खणत होते त्यानंतर या विषयावर पोलिसांचे कान टवकारलेलेच आहेत.

या नाण्यांत तुम्हाला काही वाटा मिळेल का, तेही सांगतो. गॅझेटमध्ये जाहिरात निघते, चार ते सहा महिन्यांनी दावेदारांची सुनावणी, कुणी खरा मालक नाही ठरला तर वेगळा करार नसेल तेव्हा सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागामालकाला एक चतुर्थांश. जागामालक महापालिका, ती बिनपरवाना खोदाईचा मुद्दा काढणारच, म्हणून तो आकडा गृहीत धरू नका. सरकारला नाणी हवी असतील तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन ठेवून घेऊ शकतं, म्हणजे शिवराईला तांब्याचा भाव अधिक वीस टक्के. पेट्रोलसुद्धा निघणार नाही.

मशीनसाठी वॉचमनकडे भांडू नका. त्याला ते ठेवून घ्यायचा अधिकार नाही, पण उद्यान अधीक्षकांच्या नावे अर्ज द्या, बिलाची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. पोलिसांनी जप्त केलं असेल तर कोर्टातून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करतो अशी हमी लिहून देऊन, सुटेल.