लघवीतलं बीपीए मोजून मुलाच्या किडनीचं काही कळत नाही

सात वर्षांच्या मुलाची बाटली आणि डबा दोन्ही प्लास्टिकचे, त्यात 'प्लास्टिकमुळे मुलांच्या किडन्या बिघडतात' असं वाचनात आलं, म्हणून लघवीतलं बीपीए (बिस्फेनॉल ए, काही प्लास्टिक बनवताना वापरतात ते रसायन) तपासून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: नको. मुलांच्या किडनी विभागात बरीच वर्षं काम केलंय, त्यावरून सांगते.

बीपीए शरीरात फार टिकत नाही. पोटात गेलेलं बहुतेक सगळं एका दिवसात लघवीवाटे निघून जातं, प्लास्टिक मऊ करायला घालतात त्या थॅलेट्स रसायनांचंही साधारण तसंच. त्यामुळे आजचा आकडा फक्त काल-आजच्या खाण्यापिण्याचा. शिवाय ही रसायनं बाहेर टाकते किडनीच. तीच मंदावली असेल तर लघवीत ती कमी उतरू शकतात आणि रिपोर्ट उलट चांगला दिसतो!

अमेरिकेतल्या 6 ते 19 वर्षांच्या सुमारे 700 मुलांचा अभ्यास 2013 मध्ये आला. ज्यांच्या लघवीत बीपीए सर्वांत जास्त, त्यांच्या लघवीत अल्ब्युमिनही (रक्तातलं प्रथिन, किडनी बिघडली की लघवीत जास्त उतरतं) थोडं जास्त निघालं. फरक होता एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे (हा लघवीतून जाणारा टाकाऊ पदार्थ, लघवी पातळ की घट्ट याचा हिशेब त्यावरून लावतात) एक मिलिग्रॅमहून कमी, आणि डॉक्टर लक्ष घालतात ते 30 च्या पुढे. पुढे किडनीचा आजार असलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासांतूनही सरळ निष्कर्ष निघाला नाही. म्हणून घाबरू नका. पण दुर्लक्षही नको, कारण किडनीतले नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, जन्माच्या सुमारापर्यंत तयार होतात, नंतर नवे होत नाहीत. टाळता येतो तो भार टाळावा.

खरी काळजी घ्यायची ती गरम अन्नाची. तैवानमधल्या एका छोट्या प्रयोगात मेलामाइनच्या (कडक प्लास्टिकच्या भांड्यांत वापरतात ते रसायन) वाडग्यात गरम नूडल सूप दिलं, तेव्हा पुढच्या 12 तासांत लघवीतून सुमारे 8 मायक्रोग्रॅम मेलामाइन गेलं. चिनी मातीच्या वाडग्यातून प्यायल्यावर जेमतेम सव्वा. ही मात्रा अगदी लहान आहे. चीनमध्ये 2008 साली दुधात भेसळ झालेलं मेलामाइन पोटात गेल्यावर जवळपास 3 लाख मुलं आजारी पडली, अनेकांच्या किडनीत खडे झाले, काही दगावली. पण ते प्रमाण प्रचंड होतं. गरम पदार्थ स्टीलमध्ये किंवा काचेत द्या आणि मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिक अजिबात नको. 'बीपीए-फ्री' लेबलवर विसंबू नका. बऱ्याचदा बीपीएच्या जागी बीपीएस हे दुसरं रसायन असतं, आणि त्याची रचना जवळपास तशीच.

पैसे खर्च करायचेच असतील तर मुलाचा रक्तदाब आणि सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासून घ्या. पहिलीच लघवी घ्या, कारण काही निरोगी मुलांच्या लघवीत दिवसभर उभं राहिल्यानेही प्रथिनं उतरतात. सकाळी डोळ्यांभोवती सूज, फेसाळ किंवा तपकिरी लघवी, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, यातलं काही दिसलं तर मात्र थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि एक. सलाइनच्या काही पिशव्या-नळ्यांत डीईएचपी हे थॅलेट असतं, हे वाचून काही पालक उपचारच नाकारू पाहतात. कृपया तसं करू नका. आजारी मुलाला सलाइन न मिळणं त्याच्या किडनीला कितीतरी जास्त घातक ठरू शकतं.