जीन थेरपीसाठी रसायनशास्त्र सोडायचं?

प्रश्न : मी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. कृत्रिम पॉलिमर वापरून पेशीत जनुकं पोचवतात, त्यात संशोधन करायची इच्छा आहे. बाबा म्हणतात, ते बायोटेकवाल्यांचं काम, विषय बदल. काय करू?

उत्तर : विषय बदलू नकोस. या क्षेत्रात घोडं जिथे पेंड खातंय, ती जागा रसायनशास्त्राचीच आहे.

फॉस्फेटमुळे डीएनए ऋणभारित असतो, पेशीचा पृष्ठभागही तसाच. म्हणून नुसता डीएनए सहसा आत शिरत नाही. धनभारित पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारखा रेणू, डीएनएला आवळून नॅनोकण बनवतो. १९९५ मध्ये यासाठी पॉलिएथिलिनइमाइन, म्हणजे पीईआय, पुढे आला. त्याच्या साखळीत दर तिसरा अणू नायट्रोजनचा. पेशी हा कण एका पिशवीत ओढून घेते; तिथली आम्लता नायट्रोजन शोषतो, पिशवी फुगते आणि फुटते, असं मानतात. यावर अजून वाद आहे, आणि मला तर हा वाद तुझ्यासारखीनेच पुढे न्यावासा वाटतो. पीईआयची लांब साखळी डीएनए चांगला पोचवते, पण पेशीही जास्त मारते. साखळी किती लांब ठेवायची, फांद्या किती, काम झाल्यावर तुटणारे एस्टर बंध कुठे बसवायचे, हे रसायनवालाच ठरवणार.

तेव्हा एम.एस्सी. सेंद्रिय किंवा पॉलिमर रसायनशास्त्रातच कर. पेशी वाढवायला मात्र प्रोजेक्टच्या काळात शिकून घे. डीएनए आणि पॉलिमरचं मिश्रण मिठाच्या द्रावणात केलं की ग्लुकोजच्या, किती वेळ ठेवलं, एवढ्यानेही कणांचा आकार बदलतो. सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकणाऱ्या, म्हणजे चमकणारं जनुक पोचलेल्या, पेशी मोजशील तेव्हा शेजारी सुटून तरंगणाऱ्या मेलेल्याही मोज.

नोकरीचं म्हणशील, तर रुग्णापर्यंत पोचलेल्या उपचारांत जनुकांचे वाहक म्हणून विषाणू आणि लिपिड (स्निग्ध रेणूंचे) नॅनोकण पुढे आहेत. पॉलिमर मागे आहेत, हे बाबांनाही स्पष्ट सांग. पण जीन थेरपीचे विषाणू तयार करताना एचईके २९३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत प्लाझमिड, म्हणजे डीएनएची गोल कडी, घालायला पीईआय सर्रास वापरतात. कण बनवणं, त्यांचा आकार आणि भार मोजणं ही कौशल्यं लिपिडच्या कामातही लागतात. स्वतंत्र संशोधन करायचं असेल तर पीएच.डी.ची तयारी ठेव.

गाइड निवडण्याआधी त्यांच्या विद्यार्थ्यांना एकच विचार : पॉलिमर बनवणारा स्वतः पेशींवर तपासतो, की नमुना दुसरीकडे पाठवून निकालाची वाट बघतो? स्वतः तपासत असतील, तिथेच अर्ज कर.