पिल्सनर, लागर आणि बाटलीतले ‘ग्लिसरीन’: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात या सदरात गव्हाच्या बिअरविषयी लिहिताना ‘पिल्सनर हीसुद्धा लागरच’ असे एक वाक्य ओघात येऊन गेले होते. मूळ लेखावर जेवढी पत्रे आली नाहीत, तेवढी त्या एका वाक्यावर आली. त्यांपैकी ठाणे आणि नवी मुंबईतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. प्रश्न लांब होते, ते थोडक्यात घेतले आहेत.

प्रश्न: आमच्या कार्यालयात दोन तट पडले आहेत. प्रागला जाऊन आलेले एक सहकारी ‘पिल्सनरपुढे लागर म्हणजे पाणी’ असे सांगतात, तर दुसरे म्हणतात की दोन्ही एकच असून फरक फक्त लेबलात असतो. कोणाचे खरे मानावे? (वाशी)

उत्तर: दोघांचेही अर्धे खरे आहे. जर्मन भाषेत ‘लागर’ म्हणजे कोठार, साठवणीची जागा. कमी तापमानाला, साधारण 8 ते 13 अंश सेल्सिअसला आंबवलेली आणि नंतर गोठणबिंदूच्या जवळपास काही आठवडे मुरवलेली बिअर ती लागर. पिल्सनर हा तिचाच एक प्रकार आहे. म्हणजे ‘पिल्सनर की लागर’ हा प्रश्न ‘हापूस की आंबा’ या प्रश्नासारखा आहे. तुमच्या सहकाऱ्यांना बहुधा म्हणायचे आहे ते असे, की तिथली पिल्सनर आपल्याकडच्या नेहमीच्या लागरपेक्षा कडू आणि भरदार लागते. ते मात्र खरे आहे, आणि त्यामागे कारणे आहेत.

बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील, पिल्झेन गावची बिअर एके काळी इतकी बेभरवशाची होती की 1838 मध्ये गावकऱ्यांनी नासलेल्या बिअरची 36 पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली. त्यानंतर नागरिकांनी एकत्र येऊन स्वतःचा कारखाना उभारला आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाच्या कारागिराला बोलावून घेतले. त्याने 5 ऑक्टोबर 1842 रोजी पहिला घाणा लावला. बव्हेरियाची थंड किण्वनाची पद्धत त्याने आणली. जवाला मोड आणून तयार केलेला माल्ट धुराचा स्पर्श न होऊ देता, मंद उष्णतेवर वाळवण्याची पद्धत इंग्लंडकडून आलेली होती, तर झाटेत्स परिसरातील, साझ या नावाने जगभर ओळखले जाणारे सुगंधी हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीवरची फुले) जवळच पिकत होते. याखेरीज पिल्झेनच्या पाण्यात क्षार अगदी कमी आहेत. जड पाण्यात हॉप्सचा कडवटपणा जिभेला खरवडल्यासारखा लागतो, मऊ पाण्यात तो भरपूर असूनही गोल राहतो. तोवर गडद, गढूळ बिअर पिणाऱ्या लोकांसमोर सोनेरी, आरपार दिसणारी बिअर आली आणि पुढच्या शंभर वर्षांत जगातल्या बहुतेक कारखान्यांनी तिचीच नक्कल केली. म्युनिकचे पाणी वेगळे असल्यामुळे तिथल्या श्पाटेन कारखान्याने 1894 मध्ये ‘हेलेस’ ही फिकट पण कमी कडू, माल्टच्या गोडीकडे झुकणारी लागर आणली. मला स्वतःला विचाराल तर रोजच्या पिण्यासाठी मी हेलेसच्या बाजूचा आहे, पण हे मत पिल्सनरप्रेमींच्या बैठकीत मी मोठ्याने सांगत नाही.

पिल्झेनच्या त्याच कारखान्याच्या मूळ बिअरमध्ये, म्हणजे पिल्सनर उर्केलमध्ये, अल्कोहोल फक्त 4.4 टक्के असते, पण कडवटपणा आपल्या सर्वसाधारण लागरच्या दुपटीहून अधिक असतो. शिवाय तिथे माल्टच्या लगद्याचा काही भाग वेगळा काढून उकळतात आणि परत मूळ भांड्यात मिसळतात, असे तीन वेळा करतात, त्यामुळे भाजलेल्या पावाच्या कवचासारखा एक खमंगपणा उतरतो. आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर विकल्या जाणाऱ्या लागरमध्ये बहुधा तांदूळ किंवा मका मिसळलेला असतो आणि हॉप्स बेताचे असतात. ती हलकी लागते, आणि आपल्या उकाड्यात ती तशी लागावी म्हणूनच केलेली असते. तिला पाणी म्हणणे अन्यायाचे आहे.

प्रश्न: आम्ही चार मित्र येत्या शनिवारी घरी पाच-सहा लागरची तुलना करणार आहोत. प्रत्येकाचा ब्रँड ठरलेला आहे आणि कोणीही हटणार नाही. निकाल निष्पक्ष लागावा म्हणून काय करावे? (नौपाडा, ठाणे)

उत्तर: सर्वांत आधी लेबले झाका. जुन्या वर्तमानपत्राचा कागद गुंडाळला तरी चालेल, मात्र ओतण्याचे काम अशा माणसाकडे द्या जो चव घेणार नाही. बाटलीच्या आकारावरूनही ब्रँड ओळखू येतो, म्हणून ओतणे दुसऱ्या खोलीत व्हावे. एका वेळी 60 ते 80 मिलिलिटरपेक्षा जास्त ओतू नका. सहा प्रकार गुणिले 80 म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर झाले, आणि त्यापुढे जिभेच्या साक्षीला अर्थ उरत नाही.

त्यानंतर तापमान. आपल्याकडच्या वादांपैकी निम्मे वाद येथेच मिटतील असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. ‘चिल्ड’ मागण्याची सवय असल्यामुळे आपण बिअर दोन-तीन अंशांवर पितो, आणि त्या थंडाव्यात जीभ इतकी बधिर होते की साझ हॉप्सचा सुगंध काय आणि तांदळाचा फिकेपणा काय, सारे सारखेच वाटते. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा आणि सात-आठ अंशांवर चव घ्या. मे महिन्यातल्या ठाण्यात त्यासाठी दहा मिनिटे पुरतात. बर्फ कोणीही टाकू नये, हे सांगावे लागते याचे वाईट वाटते.

ग्लास सारखे आणि स्वच्छ हवेत. भांड्याच्या साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस बसतो. ओतल्यावर ग्लासाच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले तर तो ग्लास धुतलेला असला तरी स्वच्छ नाही असे समजावे. फडक्याने पुसू नका, उपडा ठेवून निथळू द्या. मधे तोंडात टाकायला मिठाविना कुरमुरे ठेवा. मसाला शेंगदाणे आणि चकली निकाल लागल्यावर काढावी.

आता खरी गंमत. ज्या मित्राला आपला ब्रँड ‘डोळे मिटून’ ओळखता येतो असे वाटते, त्याच्यापुढे तीन ग्लास ठेवा. दोन ग्लासांत एकच बिअर आणि तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास कोणता एवढेच त्याने सांगायचे. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते, म्हणून एकदा जमले तर टाळ्या वाजवू नका. लागोपाठ तीन वेळा जमले तर मात्र तो योगायोग असण्याची शक्यता सत्तावीसात एक उरते आणि मग त्याचा मान ठेवावा. बिअरच्या कारखान्यांतही चव तपासण्यासाठी ही तीन ग्लासांची पद्धत वापरतात. दोन फिकट लागरमध्ये ती कशी भल्याभल्यांची फजिती करते, हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगू शकतो.

शेवटचे म्हणजे तारीख. प्रत्येक बाटलीवर किंवा कॅनवर उत्पादनाची तारीख आणि ठिकाण छापलेले असते. युनायटेड ब्रुअरीजचा कारखाना तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. तिथून दोन आठवड्यांपूर्वी निघालेली किंगफिशर आणि समुद्रमार्गे येऊन गोदामात काही महिने काढलेली परदेशी पिल्सनर यांची तुलना करताना तुम्ही दोन ब्रँडची नव्हे, ताज्या आणि शिळ्या मालाची तुलना करत असता. शिळ्या लागरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो आणि हॉप्सचा सुगंध आधी उडून जातो. म्हणजे ज्या गुणासाठी आपण पिल्सनरला जास्त पैसे मोजतो, तोच गुण प्रवासात पहिल्यांदा जातो. पिल्सनर निवडताना देशापेक्षा तारीख पाहावी असे मी म्हणतो ते याच कारणाने.

प्रश्न: हिरव्या बाटलीतल्या एका परदेशी लागरला जळक्या रबरासारखा उग्र वास आला. मित्र म्हणतात की तो तिचा ‘असली’ वास आहे. (खारघर)

उत्तर: नाही. तो उन्हाचा वास आहे. हॉप्समधील कडू घटकांवर प्रकाश पडला की त्यांचे विघटन होऊन गंधकयुक्त संयुग तयार होते, आणि त्याचा अत्यल्प अंशही नाकाला कळतो. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्याच अंशी अडवते, हिरवी फारच कमी आणि पारदर्शक जवळजवळ मुळीच नाही. काही वर्षांपूर्वी ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानाच्या दर्शनी काचेत मांडलेली बाटली मी मोठ्या हौसेने उचलली होती. तिच्यावर रोज दुपारचे ऊन पडत असणार हे घरी आल्यावर, झाकण उघडताच कळले. बाटली मागच्या बाजूच्या फ्रिजमधली मागावी, आणि पर्याय असेल तर कॅन घ्यावा. कॅनमध्ये प्रकाश शिरतच नाही.

प्रश्न: बिअरची बाटली पाण्याच्या ग्लासात उपडी धरली की जड ‘ग्लिसरीन’ खाली उतरताना दिसते. ते काढून टाकले की डोके दुखत नाही, असे आमच्या ग्रुपमधले सगळे करतात. हे कितपत खरे आहे? (ऐरोली)

उत्तर: जे दिसते ते खरे आहे, त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. बिअरमध्ये न आंबलेली काही शर्करा शिल्लक राहते, त्यामुळे ती पाण्यापेक्षा किंचित जड असते. तोंड पाण्यात बुडवून बाटली उपडी धरली की जड द्रव खाली येतो आणि हलके पाणी बाटलीत वर चढते. खाली उतरणारी ती रेघ म्हणजे तुमची बिअरच आहे, आणि जे तुम्ही नंतर पिता ती पाणी घातलेली बिअर आहे. डोके कमी दुखत असेल तर ते त्यामुळे. किण्वनात यीस्ट स्वतःच लिटरमागे एक-दोन ग्रॅम ग्लिसरॉल तयार करते हे खरे, पण ते संपूर्ण द्रवात विरघळलेले असते, असे वेगळे होऊन उतरत नाही. खात्री करायची असेल तर बाटलीत कोकम सरबत भरून हाच प्रयोग करा. तशीच, उलट अधिक देखणी लाल रेघ उतरेल, आणि कोकमात कोणी ग्लिसरीन घातले असे तुमचा ग्रुपही म्हणणार नाही.

प्रश्न: त्याच पैशात स्ट्राँग मिळत असताना माईल्ड का घ्यावी? (कळवा)

उत्तर: चवीसाठी. 8 टक्क्यांच्या 650 मिलिलिटर बाटलीत 52 मिलिलिटर अल्कोहोल असते, 5 टक्क्यांच्या बाटलीत साडेबत्तीस. हिशेब फक्त एवढाच असेल तर माझ्याकडे उत्तर नाही. परंतु त्या प्रमाणात अल्कोहोलची उष्ण, गोडसर चव हॉप्स आणि माल्ट दोघांनाही झाकून टाकते, त्यामुळे स्ट्राँग बाटल्यांची आपसांत तुलना करण्यासारखे फारसे उरत नाही.

प्रश्न: मायक्रोब्रुअरीत गव्हाची बिअर आणि एल (लागरपेक्षा उबेत, लवकर आंबणारी बिअर) नेहमी असते, मग चांगली पिल्सनर क्वचितच का? (नेरूळ)

उत्तर: टाकी अडून राहते म्हणून. एल दोन-तीन आठवड्यांत ग्लासात येते, लागरला मुरण्यासाठी त्याच्या दुप्पट वेळ आणि सतत थंडावा लागतो. जागेचे भाडे पाहता मालकाचा कल कुठे असेल हे उघड आहे. शिवाय पिल्सनरमध्ये चूक लपत नाही. संत्र्याची साल किंवा धने घातलेल्या बिअरमध्ये लोणकढ्या तुपासारखा किंवा उकडलेल्या मक्यासारखा वास खपून जातो, पिल्सनरमध्ये तो पहिल्याच घोटाला पकडला जातो. म्हणून नव्या ठिकाणी मी आधी तिथली पिल्सनर मागतो, आणि ती जमली असेल तर बाकीच्यांवर विश्वास ठेवतो.

प्रश्न: रविवारी आमच्याकडे ताजे बोंबील असतात, कधी झणझणीत कोलंबीही. ह्यांचा आग्रह पिल्सनरचा, माझा साध्या लागरचा. (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर: ताई, रव्यात घोळवून तळलेल्या बोंबलांबरोबर त्यांचे म्हणणे योग्य आहे. कडवटपणा आणि बुडबुडे तेलाचा थर जिभेवरून पुसून टाकतात आणि दुसरा तुकडा पहिल्यासारखाच लागतो. कोलंबीच्या बाबतीत मात्र तुमचे बरोबर, कारण तिखटावर कडू हॉप्स आणि जोरदार फसफस दोन्ही आगीत तेल ओततात, तर कमी कडू, माल्टची थोडी गोडी असलेली लागर ती आग आवरते. म्हणजे दोन्ही बाटल्या लागतील. मामलेदारची मिसळ घरी आणून हाच वाद पुन्हा घालणार असाल, तर तिथे मी दोघांच्याही बाजूने नाही. तिच्याबरोबर ताक घ्यावे.