व्हरमाँटमधल्या घरासाठी लाकडाचा स्टोव्ह: कॅटॅलिटिक घ्यावा की साधा?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात १,५०० चौरस फुटांचं जुनं घर, इन्सुलेशन नवं, प्रोपेनचं बिल झेपेना, आणि दोघंही सकाळी सातला बाहेर पडता ते सहाला परतता. डीलर कॅटॅलिटिक (धूर जाळणारी खास जाळी असलेला) स्टोव्ह घ्या म्हणतो, शेजारी म्हणतो त्या भानगडीत पडूच नका. माझं मत: तुमच्या दिनक्रमाला कॅटॅलिटिक बरा, पण लाकूड खरोखर कोरडं मिळणार असेल तरच.

धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच. तो नुसत्या आगीवर पेटायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात. साध्या स्टोव्हमध्ये आतल्या छताजवळ छिद्रांच्या नळ्या असतात. त्यातून तापलेली हवा येते आणि धूर तिथेच पेटतो. काचेतून दिसतंही छान. पण त्यासाठी आतली आग कडक ठेवावी लागते. हवा फार कमी केली की वरच्या ज्वाळा मरतात आणि धूर सरळ चिमणीत जाऊन काजळी धरते. कॅटॅलिटिकमध्ये धूर पॅलेडियम-प्लॅटिनमचा लेप दिलेल्या बारीक जाळीतून जातो आणि २६० अंशांच्या आसपासच जळू लागतो. म्हणजे आग मंद ठेवली तरी धूर वाया जात नाही.

गावाकडचा बंब आठवा: सरपण भराभर सारायचं, पाणी तापलं की काम झालं. घर तापवताना गरज उलटी असते, थोडी धग पण रात्रभर. तुमच्या घट्ट बांधलेल्या घरात ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये साधा स्टोव्ह नीट पेटवलात तर तासाभरात खिडक्या उघडाव्या लागतील. कॅटॅलिटिक तेव्हा कुरकुर न करता मंद चालतो. उणे वीसच्या जानेवारीत मात्र दोन्ही दणकून चालवावे लागतात आणि फरक बराचसा पुसला जातो. ब्लेझ किंग ही स्टोव्ह कंपनी आपल्या मोठ्या मॉडेलसाठी एका भरणीत ४० तासांपर्यंतचा दावा करते, पण तो सगळ्यात मंद आचेवरचा. कडाक्याच्या थंडीत तो आकडा विसरा. तरी सकाळी भरलेला स्टोव्ह संध्याकाळी निखाऱ्यांसकट सापडणं हीच तुमची गरज आहे, आणि ती भागते.

शेजारी म्हणतो ती भानगड म्हणजे बायपासचा दांडा, जो धुराला जाळी टाळून सरळ चिमणीत जायची वाट उघडतो. पेटवताना उघडा, जाळी तापली की बंद, आणि दार उघडण्याआधी पुन्हा उघडा. नाहीतर धूर खोलीत. आठवड्याभरात हाताला सवय होते. भारतातून आई-बाबा येणार असतील तर त्यांना तो दांडा पहिल्याच दिवशी दाखवा, कारण सरपण सारायचा मोह कुणालाच आवरत नाही. जाळी काही वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च काही शे डॉलरचा. रंगवलेलं किंवा प्रेशर-ट्रीटेड (रसायन मुरवलेलं) लाकूड आणि चकचकीत कागद घातलात तर ती त्याआधीच निकामी होईल. ओल्या लाकडाच्या वाफेने तापलेली सिरॅमिक जाळी तडकू शकते.

प्रदूषणाच्या मुद्द्यावर डीलरला फार बोलू देऊ नका. ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या) धुरातल्या कणांसाठीच्या १९९० च्या मर्यादा वेगवेगळ्या होत्या, कॅटॅलिटिकला तासाला ४.१ ग्रॅम आणि साध्याला ७.५. मे २०२० पासून दोघांनाही एकच नियम आहे: २ ग्रॅम, आणि चाचणी खऱ्या सरपणावर केली असेल तर २.५. त्यातला २ ग्रॅमचा आकडा डग्लस फरच्या कापीव, मोजून रचलेल्या तुकड्यांवर काढतात. तुमच्या अंगणातलं ओक तसं जळणार नाही.

आता लाकूड. विक्रेत्याच्या 'सीझन्ड' (वाळवलेलं) या शब्दाला अर्थ नाही. मॉइश्चर मीटर घ्या, ओंडका तिथल्या तिथे फोडायला लावा आणि आतल्या ताज्या बाजूवर टोचा. ओलावा २० टक्क्यांच्या वर असेल तर या हिवाळ्यासाठी नको. ओकला फोडून रचल्यावर दोन वर्षं द्या. ॲश आणि बर्च लवकर वाळतात. सरपण कॉर्डच्या मापाने विकतात; कॉर्ड म्हणजे रचलेलं १२८ घनफूट, ट्रकमध्ये कसंही टाकलेलं नव्हे. सीमेपलीकडे न्यू हॅम्पशायरमध्ये स्वस्त मिळतंय म्हणून आणू नका, किडीच्या भीतीने राज्याबाहेरच्या प्रक्रिया न केलेल्या सरपणाला व्हरमाँटमध्ये बंदी आहे. कोरडं लाकूड जमलंच नाही तर पहिला हिवाळा लाकडाचा भुसा दाबून केलेल्या विटांवर काढा.

दोघांपैकी एक जण घरून काम करणार असेल, तर माझं उत्तर बदलेल. दर तीन-चार तासांनी दोन ओंडके घालायला कुणी असेल तर साधा स्टोव्ह घ्या: किंमत सहसा कमी, सुटे भाग कमी, ज्वाळा जास्त.

शेजारी फुकट देतोय तो जुना स्टोव्ह घेण्याआधी मागची पट्टी बघा. ईपीएचं प्रमाणपत्र नसेल, म्हणजे बहुधा १९८८ च्या आधीचा असेल, तर भंगारात जाऊ द्या. आणि डीलर अजून ३० टक्के केंद्रीय करसवलतीचं आमिष दाखवत असेल तर ती २०२५ च्या अखेरीस संपली. त्या हिशोबाने किंमत पाडून मागा.