वीरगळाचा हातनकाशा आणि बगदादचे मास्तर

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बारावी कला शाखा, गाइडमध्ये राष्ट्रपती पुरस्कार, शिबिरात गावाबाहेरच्या वीरगळाचा, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेचा, काढलेला हातनकाशा, आणि मग एकदम पॅलेस्टाइनचे दरवीश अल-मिकदादी! ‘इतिहासकार, शिक्षक आणि स्काउट नेते. मलाही हेच व्हायचंय. बाबा म्हणतात, यातले दोन छंद आहेत आणि तिसऱ्याची भरती निघत नाही,’ असं तू लिहिलंस.

बाबांचा राग धरू नकोस. भरतीबद्दल ते खरं बोलतायत, त्यावर खाली येतेच. आधी मिकदादींबद्दल बोलू, कारण तू त्यांच्या नावापुढच्या तीन पदव्या पाहिल्यास. ते आयुष्य कसं गेलं, हेही तुला माहीत असायला हवं.

त्यांचा जन्म तुलकरमजवळच्या तय्यिबा गावचा, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटचा. बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठातून शिकून ते जेरुसलेमच्या अध्यापक विद्यालयात इतिहास शिकवू लागले. राज्य ब्रिटिशांचं होतं. १९२५ मध्ये हिब्रू विद्यापीठाच्या उद्घाटनाला बाल्फोर आले. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं राष्ट्रीय घर उभारायला पाठिंबा देणाऱ्या १९१७ च्या जाहीरनाम्यावर ज्यांची सही होती, तेच हे बाल्फोर. अरबांनी हरताळ पाळला, विद्यार्थी संपात उतरले. त्याच सुमारास मिकदादींचं जेरुसलेम सुटलं आणि ते इराकला गेले.

तिथे शिक्षण खात्याची सूत्रं साती अल-हुसरींच्या हाती होती आणि खात्याला शिकलेले अरबी शिक्षक हवे होते. पण १९२७ मध्ये अनीस अल-नुसूली या सहकारी शिक्षकाच्या पुस्तकावरून वादळ उठलं. त्यात उमय्या या सुरुवातीच्या इस्लामी राजघराण्याचं कौतुक होतं, आणि शिया त्यांना इमाम हुसेनच्या हत्येचे दोषी मानतात. शिया समाज दुखावला गेला आणि नुसूलींना काढून टाकलं. मिकदादी आणि आणखी काही शिक्षकांनी या कारवाईचा निषेध केला, तर त्यांचीही नोकरी गेली. मुलं बगदादच्या रस्त्यावर उतरली. परक्या देशात, पगाराशिवाय दुसरा आधार नसताना, सहकाऱ्यासाठी उभं राहणं सोपं नसतं. मी स्वतः शाळेत शिकवत असताना असा एक प्रसंग आला होता आणि मी गप्प बसले होते. ते अजून खुपतं, म्हणून हा प्रसंग तुला मुद्दाम सांगतेय.

पुढे ते पुन्हा इराकच्या शिक्षणात आले. ‘अरब राष्ट्राचा इतिहास’ हे त्यांचं पाठ्यपुस्तक १९३० च्या दशकात तिथल्या शाळांतून शिकवलं गेलं. १९४१ मध्ये इराकचे पंतप्रधान रशीद अली यांचं सरकार ब्रिटिशांशी लढून पडलं, तेव्हा पॅलेस्टाइन-सीरियातून आलेल्या शिक्षकांवर वरवंटा फिरला. मिकदादीही कैदेत गेले. १९५० च्या सुमारास कुवेतच्या शिक्षण खात्याचे ते प्रमुख झाले. १९६१ मध्ये वारले. दरम्यान १९४९ च्या शस्त्रसंधीत त्यांचं तय्यिबा इस्रायलच्या हद्दीत गेलं होतं.

आता थोडं कडू. त्या पाठ्यपुस्तकात अभिमान ओतप्रोत आहे, पण पुरावा मागे पडतो. अरबस्तानातून बाहेर पडलेल्या जुन्या लोकांना सरसकट अरब ठरवून राष्ट्राची गोष्ट मागे, फार मागे ताणली आहे. आणि त्याच दशकात इराकी शाळांत ‘फुतुव्वा’ या तरुणांच्या संघटनेची लष्करी कवायत आली. तंबू, शिट्टी, गणवेश, गाणी हे सगळं तुझ्या ओळखीचं आहे. बारा-तेरा वर्षांचं मूल पथकनायकाच्या शब्दावर काय काय मानायला तयार होतं, हे तूच पाहिलंयस. म्हणून ज्याला पथक आणि इतिहासाचा तास दोन्ही सांभाळायचेत, त्याने दुप्पट जपून बोलायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

मिकदादींकडून तू हिंमत घे. कामाची पद्धत मात्र दुसऱ्या एका पॅलेस्टिनी मास्तरांकडून घे. मुस्तफा मुराद अल-दब्बाग, जाफाचे, शिक्षण खात्यात तपासनीस. पॅलेस्टाइनचा भूगोल आणि इतिहास त्यांनी जिल्ह्यामागून जिल्हा, गावामागून गाव लिहून काढला. १९४८ मध्ये बोटीतून जाफा सोडताना हजारो पानांचं हस्तलिखित समुद्रात गेलं. त्यांनी ते पुन्हा लिहायला घेतलं, आणि १९६५ पासून पुढे एकेक खंड बाहेर येत राहिला.

तुझा हातनकाशा या जातीचा आहे. होकायंत्राने दिशा घेतलीस, पावलांनी अंतर मोजलंस, वीरगळाचे तिन्ही कप्पे काढलेस: खाली लढाई, मध्ये वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्र-सूर्य. मात्र खाली लिहिलंयस, ‘हा शिवकाळातला आहे.’ कुणी सांगितलं? गावकऱ्यांनी सांगितलं असेल तर तसं लिही. वीरगळ यादवकाळातलेही असतात, त्याआधीचेही. दगडावर अक्षरं आहेत का, पाहिलंस का?

आता बाबांचा प्रश्न. स्काउट-गाइडमध्ये जिल्हा संघटकासारखी पगारी पदं आहेत, पण अगदी मोजकी. त्यावर घर चालवायचा बेत आखू नकोस. कॉलेजात रेंजर, म्हणजे गाइडच्या मोठ्या मुलींच्या शाखेत राहा, पुढे हिमालयन वुड बॅज या पथकप्रमुखांच्या वरच्या पातळीपर्यंतचं प्रशिक्षण घे. शाळेत पथक चालवणाऱ्या शिक्षिकेला ते उपयोगी पडतं. शाळेसाठी बी.ए. आणि बी.एड., किंवा बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, मग टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी. सरकारच्या पवित्र पोर्टलवरची शिक्षकभरती रखडते, हे बाबांना ठाऊक आहे आणि ते खरंच आहे. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापक पात्रता परीक्षा.

पण पश्चिम आशियाचा इतिहास खरोखर करायचा असेल, तर सगळ्यात आधी अरबी. मिकदादी आणि दब्बाग दोघांनीही अरबीत लिहिलं. इंग्रजी पुस्तकांच्या खिडकीतून ते अर्धेच दिसतात. मुंबई विद्यापीठात अरबीचा विभाग आहे. दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादचं इफ्लू (इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठ) इथे पदवीपासून अरबी शिकता येते. पश्चिम आशियाचा स्वतंत्र अभ्यास जेएनयू, जामिया मिलिया आणि अलिगढला होतो. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेचा अर्ज बारावीच्या वर्षातच भरावा लागतो, तारीख चुकवू नकोस. अरबी चांगली आली तर अनुवादाचं कामही मिळतं, आणि बाबांची निम्मी काळजी तिथे मिटेल.

येत्या रविवारी बाबांनाच बरोबर घेऊन त्या वीरगळाकडे जा. टेपचं एक टोक त्यांच्या हातात दे. उंची-रुंदी मोजा, चारही बाजूंनी फोटो काढा आणि नकाशाखालची ती ओळ दुरुस्त करून मला पाठव.

तुझी,
मार्गदर्शक ताई