पुण्यात जुनी होंडा सिटी व्हीटेक दीड लाखात मिळतेय. ट्रॅकसाठी तयार करायला किती खर्च येईल? अर्थात आधी इंजिनच करणार आहे.

तुमच्या प्रश्नातल्या त्या "अर्थात"साठीच हे उत्तर लिहितोय. आधी इंजिन करू नका.

हीच गाडी मी बांधली आहे. २००१ ची, एमएच-१२ पासिंग. २०१४ च्या दिवाळीनंतर कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमधून घेतली. मालक मुलाकडे परदेशी गेलेले, गाडी तीन पावसाळे कव्हरखाली उभी. एक लाख वीस हजारांना ठरली. साठ माझे, साठ मेहुण्याचे. मी भोसरीत टूलरूमला आहे, त्याचं चिखलीला शेड आहे. हत्यारं माझी, जागा त्याची.

गाडीची निवड चांगली आहे, त्यावर वाद नाही. सामान्य माणसाला परवडेल अशी स्पोर्ट्स कार आपल्याकडे जवळपास आलीच नाही. गोव्यात बनायची ती सॅन स्टॉर्म होती, दोन सीटची, फायबर बॉडीची, पण आत १.२ लिटरचं इंजिन. म्हणून आमच्या वयाच्या लोकांची स्पोर्ट्स कार म्हणजे ही चार दारांची सेडान. १४९३ सीसी, १०६ बीएचपी, वजन टनाच्या आसपास. २००३ मध्ये नवी सिटी आली ती ७७ बीएचपी घेऊन, आणि तेव्हापासून जुनी व्हीटेक शोधणारे शोधतच आहेत.

दीड लाख योग्य की जास्त, हे फोटोवरून सांगता येणार नाही. गाडी बघायला जाताना मी घरच्या फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट खिशात टाकून गेलो होतो. बॉनेटवर चिकटला, चारही दारांवर चिकटला. डाव्या मागच्या चाकाच्या कमानीवर लावला तर सुळकन खाली घसरला. वर लांबी (पुट्टी) भरलेली, पत्रा कुठेतरी खोल. मग पुढच्या डाव्या सीटसमोरचा गालिचा उचलला. खालचं फेल्ट नोव्हेंबरातही ओलं होतं. स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. वाकून पाहिलं तर टोक खालून बाहेर आलेलं. तरी घेतली, कारण पुढच्या शॉकअपचे टॉवर आणि त्यांचे जोड शाबूत होते. फ्लोअरचा पत्रा कापून नवा लावता येतो. टॉवरला गंज असेल तर गाडी कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

इंजिन आम्ही उतरवलं, पण ताकद वाढवायला नाही. तीन वर्षं उभं राहिलेलं इंजिन न उघडता ट्रॅकवर नेणं मला मान्य नव्हतं. हेड भोसरीत फेसिंगला दिलं. बोअर मी स्वतः डायल गेजने मोजले, चारही मापात होते, नुसतं होनिंग करून रिंगा टाकल्या. क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंग बसतात ते गोल भाग, मायक्रोमीटरने मोजले, कनेक्टिंग रॉडची बेअरिंग नवी घेतली. प्रत्येक बेअरिंगमध्ये प्लास्टिगेजची तार (दाबली की किती पसरली त्यावरून फट कळते) ठेवून, बोल्ट टॉर्कने कसून, परत उघडून फट मोजली. चारही ठिकाणी ३० ते ३५ मायक्रॉन. वहीत तारखेसह लिहून ठेवलंय. हे इतक्या बारकाईने का सांगतोय ते पुढे कळेल.

सामानाचं सांगायचं तर फिल्टर, बेल्ट, होज, क्लच असलं नाना पेठेत मिळून गेलं. व्हीटेकचं खास जे काही होतं त्यासाठी मुंबईत कुर्ल्याला आणि दिल्लीत काश्मिरी गेटला ओळखी काढाव्या लागल्या. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप जुना कधीही लावू नका, कुणी कितीही शपथा घेतल्या तरी.

इंजिन बांधून झालं तेव्हा हातात एक लाख साठ हजार उरले होते. माझी यादी अशी: ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, चांगले टायर, ऑइल कूलर, ऑइल प्रेशरचं गेज आणि ऑइल सम्पमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या ट्रेमध्ये) बॅफल, म्हणजे तेल एका बाजूला पळू नये म्हणून पत्र्याच्या भिंती. मेहुण्याची यादी: पिवळा रंग, पंधरा इंची अलॉय, सायलेन्सर. तो म्हणाला, "दाजी, इतकी मेहनत केली तर गाडी दिसली पण पाहिजे ना." ब्रेक आणि टायर मी भांडून मिळवले. बॅफल मी कामावरच्या उरलेल्या पत्र्यातून फुकटात करून देणार होतो, पण त्यासाठी सम्प पुन्हा उतरवावा लागला असता, दोन दिवस गेले असते, आणि रंगवाल्याची तारीख ठरलेली होती. गेजचे पैसे सायलेन्सरला गेले. बायको म्हणाली, त्याचीही हौस आहे, होऊ दे. मी गप्प बसलो. त्या दोन दिवसांसाठी मी अडून बसायला हवं होतं.

जानेवारी २०१६ मध्ये गाडी ट्रकवर चढवून चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईला नेली. १९९० पासूनचा ट्रॅक आहे तो, ३.७ किलोमीटरचा. पुण्याहून साधारण बाराशे किलोमीटर. पहिल्या सत्रात मी चालवली, सांभाळून. दुसऱ्या सत्रात मेहुणा चालवायला आणि मी शेजारी. चौथ्या फेरीत सरळ पट्टा संपून लांब उजवं वळण आलं. त्याने पाय उचलला नाही. गाडी छान बसली होती वळणात, आणि तेवढ्यात डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. वळण संपलं, दिवा गेला. मी हेल्मेटमधून ओरडलो, "थांबव, ऑइलचा दिवा लागला." तो म्हणाला, "वायर लूज असेल दाजी." पुढच्या फेरीत त्याच वळणावर दिवा पुन्हा लागला आणि जरा जास्त वेळ राहिला. सहाव्या फेरीत इंजिनातून खट्-खट्-खट् सुरू झालं. तो आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. रिक्षाच्या टपावर कुणी पान्याने ठोकावं, तसा, आणि रेस दिली की त्याच चालीत वाढणारा.

झालं काय ते समजून घ्या, कारण तुमच्या गाडीतही हेच होणार आहे. सम्प म्हणजे उघडा ट्रे. रस्त्यावर आपण जेवढी वळणं घेतो त्यात तेल थोडं हेलकावतं, एवढंच. ट्रॅकवर चांगल्या टायरांवर लांब वळण घेतलं की सगळं तेल सम्पच्या एका भिंतीवर चढतं आणि तिथेच राहतं. पिकअपची, म्हणजे पंपाला तेल ओढून देणाऱ्या नळीची, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. अगदी दोन-तीन सेकंद. पण सहा हजारांच्या वर फिरणाऱ्या इंजिनात क्रँक सेकंदाला शंभरहून जास्त वेळा फिरते. तेवढ्या वेळात बेअरिंग आणि क्रँक यांच्यातला तेलाचा पापुद्रा संपतो आणि धातूवर धातू घासतो. टायर जितके चांगले, तितका हा धोका जास्त. दिवा लागतो तोवर दाब जवळजवळ संपलेला असतो, म्हणून खरं गेज लावा. दिव्यावर विसंबू नका.

चिखलीला परत आणून सम्प उघडला तेव्हा तेलात सोनेरी कीस तरंगत होता. चार नंबरच्या रॉडचं बेअरिंग जळलेलं. वरचा थर गेलेला, खालचं तांबं उघडं, एक अर्धं शेल क्रँकला चिकटून निळं पडलेलं. नखाने सोलून काढलं. बाकी तीन जोड्यांवर फक्त एकसारखी राखाडी झाक.

आता माझं दुखणं सांगतो. गेली कित्येक वर्षं मेहुणा प्रत्येक कार्यात सांगतो की दाजींनी बेअरिंग टाइट बसवली म्हणून इंजिन बसलं. गेल्या महिन्यात एका साखरपुड्यात, माझ्या देखत, एका कॉलेजच्या मुलाला हेच सांगितलं. मुलगा माझ्याकडे बघत होता. पाहुण्यांत काय बोलणार. इथे बोलतो.

बेअरिंग टाइट असतं तर दिवा वळण बघून लागला नसता, उलट तेलाचा दाब जास्तच दिसला असता. दिवा फक्त उजव्या वळणावर लागत होता, दोनदा, त्याच जागी. शिवाय चारही बेअरिंग एकाच हाताने, एकाच दिवशी, एकाच फटीवर बसवलेली. गेलं फक्त चौथं, आणि या इंजिनात ऑइल पंप पहिल्या सिलिंडरच्या टोकाला असतो. तेल कमी पडलं की सर्वांत लांबच्याला आधी कमी पडतं. ती आठही शेल माझ्याकडे पेढ्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आहेत, नंबर टाकून. कुणालाही दाखवायची तयारी आहे.

क्रँक ग्राइंड करून ०.२५ मिलिमीटर अंडरसाइज (घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारी) बेअरिंग टाकली, त्याच फटीवर, माझ्याच हातांनी. या वेळी सम्पमध्ये २ मिलिमीटर पत्र्याच्या उभ्या भिंती वेल्ड केल्या आणि पिकअपभोवती चार छोटी दारं बसवली, तेल आत येऊ देतील पण बाहेर पळू देणार नाहीत अशी. ऑइल कूलर आणि गेज लावलं. २०१७ ते २०१९ पाच वेळा ट्रॅकवर गेलो, तीनदा चेन्नईला, दोनदा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेला. गेजचा काटा एकदाही पडला नाही. मेहुणा एकदाही आला नाही. अर्धी गाडी अजून त्याची आहे.

तर तुमच्यासाठी क्रम. आधी पत्रा. मग ब्रेक. साधं डॉट ३ ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशाला उकळतं, पाणी शोषून जुनं झालं की १४० ला. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतंच, म्हणून ट्रॅकवर जायच्या आठवड्यात ताजं भरा, डब्यात उरलेलं नको. ते उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट फरशीला टेकतं. पॅडही साध्या रस्त्याचे नकोत. मग टायर, त्यानंतर सस्पेन्शनचे सगळे बुश (जोडातले रबर), लोअर आर्म आणि बॉल जॉइंट नवे. लोअरिंग स्प्रिंगच्या आधी बुश, कारण फाटक्या बुशवर भारी स्प्रिंग लावून अलाइनमेंट टिकत नाही. मग रेडिएटर आणि तेल. मग सीट आणि बेल्ट. इंजिनची ताकद सर्वांत शेवटी, आणि खरं सांगू का, १०६ बीएचपी अपुरी पडावी असे चालक मी फार थोडे पाहिलेत.

रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर छप्पर दबू नये म्हणून आत लावायचा पाइपांचा सांगाडा, करणार असाल तर पाइप कुठला ते स्वतः बघा. आंतरराष्ट्रीय नियमात मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यासाचा, २.५ मिलिमीटर जाडीचा (किंवा ५० व्यासाचा, २ जाडीचा) कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे बिनजोडाचा, पाइप लागतो. फर्निचरवाले ईआरडब्ल्यू (पट्टी वळवून जोड वेल्ड केलेला) पाइप वाकवून "केज" म्हणून देतात. तो नसलेला बरा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. केज असलेली गाडी रस्त्यावर विनाहेल्मेट चालवणं धोक्याचं आहे, छोट्या धक्क्यातही डोकं उघड्या पाइपवर आपटतं. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलात बसणार नाही असा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय. म्हणून आमची गाडी ट्रकवरच जाते. ही गाडी पंधरा वर्षांच्या पुढची आहे, तेव्हा पासिंगचं आरटीओत आधी विचारा, पैसे नंतर द्या. नेहमीचा विमा ट्रॅकवर लागू नसतो. आणि तयार झाली की रविवारी पहाटे ताम्हिणीत "टेस्ट" करू नका. तिथे समोरून दूधवाला येतो.

खर्चाचं विचारलंत. आमचा, इंजिन दोनदा बांधून, गाडी धरून, साडेपाच लाखांच्या पुढे गेला, त्यात पिवळा रंग आणि अलॉय आले. ते वजा केले आणि बॅफल पहिल्यांदाच केलं असतं तर किती झाला असता ते तुम्हीच काढा. आताचे भाव वेगळे असतील.

बॅफलचे पुठ्ठ्याचे साचे अजून माझ्याकडे आहेत, याच सम्पच्या मापाचे. सम्प उतरवलात की कळवा, एखाद्या रविवारी भोसरीला येऊन आखून घेऊन जा.